धावजी नावाडी पालटला कीं नाहीं, त्या निवाड्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ऐकिलें तैसें लिहिलें, पदरचें घातलें तें प्रेमापोटीं घातलें, श्रोत्यांनीं राग न मानावा. शके सोळाशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध द्वादशीस एका राज्यांत, ज्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, हैबतपंत कथेकरी यांची बारा वर्षांची कथा समाप्त जाहली. कथा धावजी नावाड्याची. नावाडी कल्पनेंतला, परंतु जीभ बहुत तिखट. उतारू नावेंत बसला कीं म्हणे, "पलीकडे तुमची वाट कोण पाहतो? उगाच मिरवूं नका." ही जीभ पंतांनीं घरचीच घेतली होती. कुटुंब सगुणाबाई यांचें बोलणें याच तऱ्हेचें, आणि चाळीस वर्षांत पंतांस त्याची ऐसी गोडी लागली कीं त्यावांचून जेवण अळणी लागे.

त्या राज्याचा रिवाज ऐसा कीं, कथा सरली म्हणजे नायक पालटला कीं नाहीं याचा निवाडा दरबारीं व्हावा. पालटला तर पोथी रेशमी रुमालांत बांधून जामदारखान्यांत ठेवावी, न पालटला तर नदींत सोडावी. आणि निवाड्यासाठीं चिटणिसांनीं नायकाचे मुखींचे शब्द तेवढे टिपावे, बाकीचा मजकूर फापटपसारा समजावा. मग चिटणिसांनीं पहिल्या वर्षाचे बोल आणि शेवटचे बोल शेजारीं ठेवून वाचिले, तों अक्षरास अक्षर जुळलें. दिवाणजी म्हणाले, "बारा वर्षें जाऊन गडी जेथल्या तेथें! पोथी नदींत सोडावी." राणीसाहेब दयाळू, त्या म्हणाल्या, "पंत, अजून वेळ आहे. शेवटीं त्याचे तोंडीं एक गोड वाक्य घाला, पोथी वांचेल." चिकाचे पडद्याआडून सगुणाबाई हळूच बोलल्या, "घाला हो. डोळे फोडून लिहिलेंत, तें पाण्यांत जाईल." मग पंतांनीं लेखणी घेतली आणि शाईंत बुडविली, आणि गोड बोलणारा धावजी कांहीं केल्या त्यांचे डोळ्यांपुढें येईना. त्यांनीं लेखणी खालीं ठेविली आणि हात जोडून अर्ज केला, "सरकार, पोथी बुडाली तरी बुडो. हे बोल गेले तर मला धावजी नको." आणि पंतांचे डोळ्यांस पाणी आलें.

तों चिक सरकला आणि सगुणाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "चिटणीसबोवा, नुसतें तोंड काय टिपतां? पहिल्या वर्षीं उतारू उतरला कीं हा नाव फिरवी, मागें पाहत नसे. सातव्या वर्षीं ती माहेरवाशीण उतरली, तेव्हां वल्हें थांबलें. आतां उतारूस घ्यायला कोणी येईतों हा नाव हालवीत नाहीं, आणि विचारलें तर म्हणतो, हात भरून आले. तोंड तेंच आहे, त्याला काय करायचें?" राणीसाहेब हांसून म्हणाल्या, "बाई, पंत तर सांगतात, तुम्ही कथा कधीं ऐकतच नाहीं." बाई म्हणाल्या, "ऐकतें कोण? कानांवर पडतें."

मग राणीसाहेबांनीं रुमाल आणविला आणि निवाडा लिहविला, कीं बोल कायम, माणूस पालटला. दिवाणजींनीं शिक्का केला, नाखुषीनें कां होईना, केला. पंत घरीं निघाले, आणि पायऱ्या उतरतां बाईंनीं त्यांचा हात धरिला आणि म्हणाल्या, "उगाच मिरवूं नका. पायऱ्या निसरड्या आहेत." पायऱ्या ठणठणीत कोरड्या होत्या.

येणेंप्रमाणें धावजीची पोथी वांचली. बाई पालटल्या कीं नाहीं, याचा निवाडा कोणीं मागितला नाहीं, आणि पंतांनीं घरापर्यंत हात सोडविला नाहीं. हकीकत पुरी जाहली.