कबुतराच्या ताब्यातली सीडी

लॅपटॉप बंद पडला तो रविवारी, नातीला बघायच्या ऐन वेळेला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उमटली आणि ती काही केल्या हलेना. आजोबांनी ती दोनदा वाचली आणि मग नुसत्या काळ्या रंगाकडेच बघत राहिले. इतका स्वच्छ काळा रंग त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"अहो, लागली का तंद्री?" आजींनी विचारलं.

लागली होती. आजोबांची उभी हयात वेधशाळेत ढगांच्या नोंदी करण्यात गेली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मान अजून वरच होती. घरात त्यांना तंद्रीनाथ म्हणत, आणि ते साधारण चौथ्या हाकेला जमिनीवर येत.

आज मात्र प्रकरण साधं नव्हतं. मुलगी परदेशी, तिची लेक दहा महिन्यांची आणि कपाटाला धरून उभी राहायला लागलेली. आजींच्या अधू डोळ्यांना फोनवर ती वाटाण्याएवढी दिसे. लॅपटॉपवर मात्र तिचे दोन दातसुद्धा मोजता येत. तिचं पहिलं पाऊल मला बघायचंय, असा घोशा आजींनी महिनाभर लावला होता. स्वतःच्या मुलीचं पहिलं पाऊल त्यांचं हुकलं होतं. त्या वेळी त्या नळावर पाणी भरत होत्या आणि आजोबा मुलीसमोर बसून खिडकीतून ढग बघत होते. थोडक्यात, ते पाऊल कुणीच बघितलं नव्हतं, आणि आजी ते विसरल्या नव्हत्या.

दुरुस्तीवाला आला, त्याने दोन बटणं दाबली आणि हात झटकले. "मशीन ठणठणीत आहे. ऑपरेटिंग सिस्टिम उडालीये. लॅपटॉपबरोबर सीडी आली असेल ना, ती घाला. या जुन्या मॉडेलला दुसरी चालत नाही."

सीडी म्हटल्याबरोबर आजोबांनी गॅलरीकडे पाहिलं. सहा महिन्यांपूर्वी आजी कबुतरांना कावल्या होत्या. गॅलरीत काहीतरी चकाकतं टांगलं की ती फिरकत नाहीत, असं शेजारीण म्हणाली म्हणून त्यांनी जुनी सीडी मागितली. आजोबा तेव्हा एका सुंदर ढगात होते. त्यांनी टेबलाच्या खणात हात घातला आणि हाताला लागली ती देऊन टाकली. पुढे ती दोरीला गरगर फिरायला लागली आणि दुपारी तिचा उजेड छतावरून हळूहळू सरकायला लागला. तो इतका छान दिसायचा की आजोबा रोज त्याच्याकडे बघत बघत झोपी जात. सीडीवर लिहिलंय काय, हे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

आता गॅलरीत नुसती दोरी लोंबत होती. सीडी दोरीतून निसटून खालच्या रिकाम्या कुंडीत पडली होती. तिच्यावर चार काड्या होत्या आणि काड्यांवर, जिला घाबरवायला हा खटाटोप केला ती कबुतरीण, अंग फुगवून बसली होती. आजोबांनी हात पुढे केला तशी तिने फाडकन पंख मारला. पोटाखाली दोन अंडी दिसली.

"हात लावायचा नाही," आजी मागून म्हणाल्या. "आई होणारे ती."

सहा महिने हीच बाई झाडू घेऊन कबुतरांच्या मागे धावत होती. आजोबांनी तसं बोलून दाखवलं नाही, कारण सीडी कुणी दिली हा प्रश्न त्यांना निघू द्यायचा नव्हता.

त्यांनी लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला. तक्रारी घेणाऱ्या बाई गोड आवाजाच्या होत्या, पण नियम कडक होता: खराब झालेली सीडी हातात आल्याशिवाय नवी निघत नाही.

"सीडीला नेमकं काय झालंय, सर?"

"तिच्यावर अंडी आहेत."

"फुटलीत का?"

"नाही, नाही. उबवणं चालू आहे."

बाईंच्या यादीत चरे होते, तडा होता, पाणी सांडणं होतं. अंडी नव्हती. त्यांनी 'इतर' असं लिहिलं. वरच्या साहेबांना ते पटेना, तेव्हा फोटो मागवला. फोटो बघून साहेबांनी विचारलं, सीडी मोकळी कधी होणार? आजोबांनी पुस्तक काढून सांगितलं, अठरा दिवस अंडी आणि महिनाभर पिल्लं. वेधशाळेत तीस वर्षं काढून त्यांनी इतक्या ठामपणे अंदाज कधी वर्तवला नव्हता.

मग घराला एक वेगळीच सुस्ती आली. आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसत, वहीत नोंदी करत, आणि कबुतरिणीचे फोटो, पुढे पिल्लांचे व्हिडिओ मुलीला पाठवत. ऊन कुंडीवरून सरकत भिंतीवर जाई, घुमणं कानावर येई आणि त्यांना वाटे, आपण आणि ही कबुतरीण मिळून काहीतरी उबवतोय. आजींचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिकडे नात कपाट सोडून दोन क्षण उभी राहायला लागली होती. आजी रोज दाणे टाकताना कुंडीपाशी वाकून म्हणत, "उरक गं बाई. माझी नात चालत सुटेल."

कंपनीच्या बाई दर सोमवारी नियमाप्रमाणे फोन करून विचारत. थोरलं पिल्लू वेळेवर उडालं, धाकटं चार दिवस कुंडीच्या काठावर विचार करत बसलं. आजोबांना त्याचं मन कळत होतं. शेवटी तेही गेलं. हे कळल्यावर बाईंनी सीडीचं विचारायच्या आधी विचारलं, "धाकटं नीट उडालं ना?"

उन्हाने आणि चऱ्यांनी कामातून गेलेली सीडी घासूनपुसून रवाना झाली. नवी यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आजींनी मुलीला रोज एकच विचारलं आणि मुलीने रोज एकच सांगितलं, अजून नाही.

रविवारी नवी सीडी आत गेली, लॅपटॉप बराच वेळ गुणगुणला आणि पडदा उजळला. समोर नात होती, खुर्चीचा पाय धरून उभी. आजी पडद्याला नाक लावून बसल्या. नातीने आजीकडे पाहिलं, मग आजीच्या खांद्यावरून मागे उघड्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे कठड्यावर ती कबुतरीण येऊन रिकाम्या कुंडीकडे बघत बसली होती. नातीने खुर्ची सोडली. एक, दोन, तीन, चार. चार पावलं टाकून ती पडद्यापाशी आली आणि तिने हात टेकले.

आजी ढसाढसा रडल्या. आजोबांनीही बघितलं होतं, अगदी पहिलं पाऊलसुद्धा. त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"आजीकडे आली माझी राणी," आजी म्हणाल्या.

मुलगी जरा घुटमळली. "आई, बाबांचे व्हिडिओ बघून बघून तिला कबुतरांचं वेड लागलंय. ती कबुतराकडे आली गं."

इतक्यात कबुतरीण उडाली. नात खाली बसली, भोकाड पसरलं, आणि आजींनी किती टाळ्या वाजवल्या तरी ती पडद्याकडे फिरकेना.

दुसऱ्या दिवशी सोमवार. ठरल्या वेळी फोन वाजला. बाईंना तक्रार बंद करायची होती.

"नवी सीडी पोहोचली ना, सर? सुस्थितीत आहे?"

आजोबांनी टेबलाचा खण उघडला. तो रिकामा होता. त्यांनी गॅलरीत डोकावलं. आजी पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात दाण्यांची वाटी होती, आणि कुंडीत, चार काड्यांखाली, काहीतरी नवंकोरं चकाकत होतं. कबुतरीण त्याच्यावर अंग फुगवून बसायच्या बेतात होती.

"आहे," आजोबा म्हणाले. "चांगली उबेत आहे."