जांभळ्या धुक्याचा पाहुणा

पूर्वेला जांभळट धुकं दिसलं की बंगळूरचे आमचे शेजारी अण्णा फाटक सताड उघडायचे, अंगणात वेताची खुर्ची मांडायचे आणि फिल्टर कॉफीची तयारी करायचे. जुन्या चीनमधली एक गोष्ट त्यांनी कुठंतरी वाचली होती. खिंडीतल्या एका चौकीदाराला पूर्वेकडून जांभळे ढग येताना दिसले. कुणी थोर माणूस येतोय हे त्यानं ओळखलं, रस्ता झाडून ठेवला. आणि खरोखरच बैलावर बसून एक ज्ञानी म्हातारा आला.

"आपल्या बसवनगुडीत बैल आधीच नंदीच्या देवळात येऊन बसलाय," अण्णा म्हणायचे. "आता म्हातारा तेवढा यायचा."

यायचे ते गॅसवाले, मीटर बघणारे, पत्ता चुकलेले कुरिअरवाले. अण्णा कानडीत 'बन्नी, बन्नी', या, या, करत प्रत्येकाला हाताला धरून खुर्चीत बसवायचे. पुढंपुढं गॅसवाला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवूनच पळू लागला.

"अण्णा, मोतीबिंदू आहे तुम्हाला. सगळ्याच सकाळी जांभळ्या दिसणार," मी म्हणायचो.

"असू दे रे माधव. पाहुण्याला कुठं माहीत आहे?"

गल्ली त्यांना वेडा म्हणायची. मीही हसलो. म्हणून आता खरं ते लिहून ठेवतो.

अण्णांचा एकुलता एक मुलगा बारा वर्षांपूर्वी भांडून पुण्याला निघून गेला होता. दोन वर्षांमागं त्यानं मला फोन केला. "काका, येऊ का? बाबा घरात घेतील?"

"सध्या नको," मी सांगितलं. "अजून रागात आहेत."

अण्णा रागात नव्हते. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जाईल आणि सकाळी माझ्याशी बोलायला कुणी उरणार नाही, ही भीती माझी होती. त्यानं पुन्हा फोन केला नाही. मीही केला नाही.

काही दिवसांनी अण्णा असेच दुपारपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोर बसून होते. मी चेष्टेनं विचारलं, "सगळ्यांनाच कशाला बसवता? थोर माणूस ओळखता येत नाही?"

"नाही येणार," ते म्हणाले. "दहा वर्षांत चेहरा बदलला असेल. मला नीट दिसत नाही. म्हणून येईल त्याला बसवतो."

त्या फोनचं मी तेव्हाही सांगितलं नाही. गार झालेली कॉफी आत नेऊन ओतली.

त्या डिसेंबरात अण्णा गेले. पुण्याला मीच कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात मी एकटाच होतो. फाटकाशी एक जाडसर, टक्कल पडलेला माणूस उभा राहिला. आत येत नव्हता.

मी विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"