नुसतं बसण्याची रीतसर व्यवस्था

नवरा-बायकोने शेजारी शेजारी खुर्च्या टाकून काहीही न करता बसणे, हा गुन्हा नाही. निदान जमिनीवर तरी नाही. समुद्रावर मात्र या बाबतीत निश्चित धोरण असते, आणि ते ग्रंथपालांना ठाऊक नव्हते.

ग्रंथपाल नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी 'शांतता राखा' या पाटीखाली केली होती आणि ती पाटी इतकी मनावर घेतली होती, की घरीसुद्धा त्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत पोचत नसे. त्यांची बायको शिवणकाम करी. पायमशीन खिडकीशी होतं आणि खिडकीत सदैव कोणीतरी उभं असे. "काकू, एवढी बाही जरा." "काकू, एवढंच उसवून द्या, लग्नाला जायचंय." काकूंना नाही म्हणता येत नसे. त्यामुळे त्या दिवसभर बसलेल्या असत आणि तरी जन्मात कधी बसलेल्या नव्हत्या. पाय चालूच. जेवताना चालू, पाहुण्यांशी बोलताना चालू. झोपेतसुद्धा पांघरुणाखाली एखादी लांब शिवण घातली जाई.

लेकीने आणि जावयाने निवृत्तीची भेट म्हणून दोघांना क्रूझच्या सहलीवर पाठवायचं ठरवलं, तेव्हा ग्रंथपालांनी बायकोला एक वचन दिलं. लग्नातली वचनं यात धरलेली नाहीत; ती सगळेच देतात.

"अगं, तिथे तू नुसतं बसायचंस. समुद्राकडे बघत. दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नुसता बसेन."

"तुम्हाला जमेल हो. सवय आहे तुम्हाला," काकू म्हणाल्या.

जहाज एखाद्या उभ्या केलेल्या गावासारखं होतं. त्यावर तरणतलाव होता, नाट्यगृह होतं, दुकानांची गल्ली होती, चढायला एक खोटा डोंगर होता. फक्त समुद्र कुठून दिसतो, हे कोणाला नक्की सांगता येईना. "समुद्र का? तो बाहेरच्या बाजूला असेल," असं एका वाढप्याने सांगितलं. बरीच शोधाशोध केल्यावर मागच्या टोकाला, धुराड्याच्या आडोशाला, कठड्याजवळ थोडी मोकळी जागा सापडली. तिथे दोन घडीच्या खुर्च्या कोणीतरी विसरून गेलं होतं. दोघं बसली.

पहिल्या दिवशी काकूंचा पाय चालूच होता. दुसऱ्या दिवशी तो अडखळू लागला. संध्याकाळी, ऊन पाण्यावर आडवं पडलं असताना, पाय थांबला. ग्रंथपालांनी श्वास रोखून धरला. बाळाचा डोळा लागल्यावर पाळण्याची दोरी जशी अलगद सोडतात, तशी त्यांनी नजर हळूच बाजूला नेली आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. काही मागत नव्हता, काही विसरला आहे का हे आठवत नव्हता. नुसता होता.

"काही अडचण आहे का, सर?"

मागे प्रवाशांच्या आनंदावर देखरेख ठेवणारी जहाजाची आनंद-अधिकारी उभी होती. तिचं हसू गणवेशाबरोबरच मिळालेलं असावं. खांद्यांना थोडं सैल होतं.

"नाही, नाही," ग्रंथपाल पुटपुटले.

"मग असे का बसलात?"

"असंच."

"तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"भांडण वगैरे?"

"छे हो."

"मग मॅडम गप्प का आहेत?"

"त्या शिवत नाहीयेत," ग्रंथपाल म्हणाले, आणि या उत्तराने परिस्थिती सुधारलेली नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

अधिकारीबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. जहाजावरचा प्रवासी एक तर आनंद घेत असतो, किंवा आनंदाकडे जात असतो. तिसरा प्रकार फक्त आजाऱ्यांचा, आणि त्यांची सोय तळमजल्यावर आहे. तुम्ही दोघं कशातच मोडत नाही. तरी काळजी नसावी, उपाय होईल.

उपाय सुरू झाले. आधी सरबत आलं. मग एक व्हायोलिनवाला आला आणि काकूंच्या कानापाशी उभा राहून करुण काहीतरी वाजवू लागला. त्याचा ताल पकडून काकूंचा पाय पुन्हा सुरू झाला. मग विदूषक आला. त्याला फार घाम आला होता, म्हणून काकूंनी त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि त्याच्या झग्याची उसवलेली शिवण हातासरशी घालून दिली. सुईदोरा त्यांच्या पर्समध्ये असतोच. दोघं तरीही दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन बसली.

आता प्रकरण वरपर्यंत गेलं. कप्तानाच्या खालोखालच्या मंडळींची बैठक झाली आणि प्रशासनाचं जुनं सूत्र लागू करण्यात आलं: जे थांबवता येत नाही, ते कार्यक्रमात घ्यावं.

सकाळी ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली. "प्रवाशांसाठी प्रथमच! 'सागरस्थैर्य'! तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काहीही न करण्याचा दुर्मिळ अनुभव! जागा मर्यादित!"

शेजारच्या केबिनमधले दंतवैद्य आणि त्यांच्या पत्नी तेव्हा खोट्या डोंगराच्या मध्यावर लटकत होते. तिथूनच त्यांनी उड्या टाकल्या. "चल लवकर, शांतता संपेल!" असं दंतवैद्य ओरडल्याचं अनेकांनी ऐकलं.

ग्रंथपाल आणि काकू नेहमीच्या जागी पोचली, तेव्हा तिथे दोरखंड लागले होते. खुर्च्यांच्या ओळी होत्या. पुढे पांढऱ्या कपड्यांतले स्थैर्यगुरू गळ्यापाशी माइक लावून गर्जत होते, "आता आपण काहीही करत नाही आहोत! अजून कमी करा! तिसरी ओळ, तुम्ही फार करताय!"

"आम्ही रोज इथे बसतो," ग्रंथपाल दोरखंडावरच्या माणसाला म्हणाले.

"प्रशिक्षण झालंय?"

"बसायचं?"

"काका, अप्रशिक्षित माणूस बसला की बाकीच्यांची शांतता बिघडते. आधी वर्ग करा."

त्यांनी वर्ग केला. आणि तिथेच घोटाळा झाला. आयुष्यभर मशीनवर बसून काकूंची पाठ काठीसारखी ताठ झालेली. सुईच्या टोकावर ठरलेली नजर क्षितिजावरही तशीच ठरली. गुरू त्यांच्यापुढे येऊन थबकले. त्यांनी माइक बंद केला, म्हणजे त्यांना खरोखरच काहीतरी वाटलं असावं.

"ताई, असं बसणं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तुम्ही शिकवा."

काकूंना नाही म्हणता आलं नाही. त्या सहायक प्रशिक्षक झाल्या.

ग्रंथपाल नापास झाले.

"तुमचं काय चुकतं सांगू?" गुरू म्हणाले. "बसल्यावर तुम्ही बाजूला बघता."

"बाजूला बायको असते."

"असू दे ना. स्थैर्यात समोर बघायचं असतं. बायकोकडे बघणं हे वेगळं सत्र आहे. ते दांपत्य विभागात. तिथे सध्या जागा नाही."

त्या दिवसापासून काकू जहाजभर धावताना दिसू लागल्या. सकाळची बॅच, दुपारची बॅच, ज्येष्ठांची बॅच, आणि ज्यांना अजिबात वेळ नाही त्यांच्यासाठी जलद स्थैर्याची बॅच. जेवणाच्या टेबलावरही कोणीतरी येऊन उभं राही. "काकू, एवढी मान जरा बघा ना, डावीकडे जाते." काकू घास ठेवून मान बघत.

लेकीचा फोन आला. जहाजवाल्यांनी टाकलेले वर्गाचे सगळे फोटो तिने पाहिले होते. "आई, कसली भारी गं तू! आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. बाबा कुठेत?"

"मी इथेच आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"काय करताय?"

"बसलोय."

"अहो बाबा, तसं नाही! निदान आईकडून तरी शिकून घ्या."

त्यांच्या केबिनला खिडकी नव्हती. ग्रंथपाल भिंतीकडे बघत विचार करत राहिले. बायकोला एका खिडकीतून उठवून आपण दुसऱ्या खिडकीत नेऊन बसवलं. आणि या खिडकीला तर पडदाही नाही. वचन मोडण्याचे नाना प्रकार त्यांनी पुस्तकांत वाचले होते. वचन पाळायला निघून ते असं मोडल्याचं कुठे वाचलेलं आठवेना. सांगायचं तर कोणाला? आपलंच काहीतरी चुकत असेल, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. तरीही ते उठले, आरशात पाहून एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं आणि आनंद-अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन ते म्हणून टाकलं.

"आमच्या दोन खुर्च्या आम्हाला परत द्या."

अधिकारीबाईंचं हसू अर्धवट घसरलं, पण त्यांनी ते सावरलं. "सर, आपण अनुत्तीर्ण आहात. डेकवर बसता येणार नाही. पण निराश होऊ नका. अनुत्तीर्णांसाठी आम्ही खुश्कीचा पूरक वर्ग ठेवलाय. उद्याच्या बंदरावर उतरायचं, किनाऱ्याच्या रस्त्याने मोटारीतून पुढच्या बंदरावर जायचं आणि तिथे जहाजावर परत चढायचं."

"मोटारीत बसायला जमेल?"

"जमेलच. पट्टा असतो."

सकाळी ग्रंथपाल छोटी पिशवी घेऊन उतरायच्या शिडीकडे निघाले. वाटेत काकूंची बॅच लागली. पहिल्याच खुर्चीत दंतवैद्य दात ओठांत घट्ट दाबून शांत बसले होते.

"अहो, कुठे निघालात?"

"मोटारीने. पूरक वर्गाला. नापास झालोय ना."

"एकटे?"

"तुझी बॅच आहे."

काकूंनी बॅचकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "एवढं तरी भांडायचं होतं त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

"भांडलो. एक वाक्य."

"एक?" काकू थक्क झाल्या. मग त्या वळून म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." आणि पर्स काखोटीला मारून त्या नवऱ्यामागून शिडी उतरल्या. ती बॅच दिवसभर तशीच बसून होती म्हणतात. आजवरची सर्वोत्तम बॅच, असा अभिप्राय तिने दिला.

मोटारीत जहाजभरचे नापास एकत्र आले होते. एक चुळबुळे गृहस्थ होते. ऐन स्थैर्यात ज्यांना हसू आवरलं नव्हतं, अशा नणंद-भावजया होत्या. त्यांना अजूनही आवरत नव्हतं. गाइड माइकवरून सांगत होता, "उजवीकडे बघा. आता बघणं थांबवा. डावीकडे बघायची तयारी करा."

रस्ता डोंगराच्या कडेने वर चढला आणि एका वळणावर मोठा आवाज होऊन टायर फुटलं. सगळे उतरले. खाली, थेट पायांशी, समुद्र होता. जहाजावरून कधी दिसला नव्हता एवढा.

गाइड धावत आला. "हा थांबा कार्यक्रमात नाही! इथलं दृश्य आपल्यात समाविष्ट नाही, कृपया कोणी पाहू नये!"

पण चालकाला टायर बदलायला माणूस हवा होता, आणि गाइडच्या हातातला माइक काढून घेऊन त्याने तिथे पाना दिला. एकाएकी सगळीकडे शांत झालं. काकू रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर जाऊन बसल्या. पाठीला बाक काढून, पाय लोंबते सोडून, शाळेतल्या मुलीसारख्या वेड्यावाकड्या. गुरूंनी पाहिलं असतं तर प्रमाणपत्र परत घेतलं असतं. ग्रंथपाल शेजारी टेकले.

"दमलीस का गं?"

"गप्प बसा ना जरा."

लग्नानंतर प्रथमच कोणीतरी त्यांना गप्प बसायला सांगत होतं. ग्रंथपालांना इतका आनंद झाला, की त्यांनी तोही आवाज न करता साजरा केला. वारा होता. खाली पाणी खडकावर येत होतं, जात होतं, आणि त्यातून काही शिकण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक गाडी आली आणि हळू झाली. दोन म्हातारी माणसं एका जागी बसून एकाच दिशेला बघतायत म्हणजे तिकडे काहीतरी असणार. "काय आहे हो इथे?" आतल्या बाईंनी विचारलं. "काही नाही," ग्रंथपाल म्हणाले. काही नाही म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी थांबली. तिच्या मागची थांबली. टायर बसेपर्यंत कठडा माणसांनी भरून गेला होता आणि पोचायला उशीर झालेले लोक बसलेल्यांना विचारत होते, "तुमचं झालं का?" या वेळी कोणी अधिकारी नव्हता. कोणाला त्याची गरजही पडली नाही.

पुढच्या वर्षी लेकीने पुन्हा जहाजाचं विचारलं, तेव्हा दोघांनी एका आवाजात नको म्हटलं. काकू 'नको' म्हणाल्या, हेच घरात बरेच दिवस नवल होतं. त्याऐवजी साध्या एसटीसारख्या खडखडत्या गाडीने, वाटेत मुक्काम करत, ती दोघं त्या वळणावर गेली. चढ चढताना ग्रंथपालांचा हात काकूंच्या कोपराखाली होता. कठडा तोच होता. आता तिथे गाड्या लावायची जागा होती, कमान होती, 'इथे नुसतं बसा' अशी पाटी होती, आणि पाटीसमोर फोटो काढायला वेगळी रांग.

तिथे तुम्हीही होतात. आठवतं का पाहा. प्रवासाने आंबून, जरा निवांतपणा मिळावा म्हणून तुम्ही लांबून आला होतात, आणि तो तुमचा हक्कच होता. तुमच्या शेजारी कठड्यावर दोघांपुरती जागा होती. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "आम्ही इथे टेकलो तर चालेल का? थोडा वेळ."

"आमचं माणूस येतंय," तुम्ही म्हणालात.

"बरं बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी तुमचीच क्षमा मागितली. बाई वळल्या आणि उताराला लागल्या.

तुमचं कोणीही येणार नव्हतं. तुम्ही त्या जागेवर पिशवी ठेवलीत आणि दोघं, तुम्ही आणि पिशवी, बराच वेळ समुद्राकडे बघत नुसते बसलात.