दहा ते पाच न घाबरणारे बजरीगर

एका जंगलात त्या दिवशी मंगळवार होता, मुलांनो. मंगळवारी तिथे विशेष काही घडत नसे. अंबूताई वानरीण पिंजऱ्यातला कागद बदलत होती. पिंजऱ्यात चार बजरीगर होते, मुठीत मावतील एवढे पोपट. जंगलात पिंजरा कशाला, असं विचारू नका. हौस जंगलातही असते, आणि ही हौस अंबूताईच्या नवऱ्याची, बाळोबांची होती.

तेवढ्यात टिटवी निरोप घेऊन आली. बाळोबा पक्ष्यांसाठी राळे आणायला पलीकडच्या रानात गेले होते. तिथे फांदी मोडली.

"बरं," अंबूताई म्हणाली. मग तिने उरलेला कागद नीट अंथरला. अर्धाच अंथरून कसं चालेल?

जंगलाच्या रीतीप्रमाणे बाळोबांच्या जागेवर, पिंजऱ्याशेजारीच, दिवा ठेवला. गेलेल्याला वाट दिसावी म्हणून तेरा दिवस तो विझू द्यायचा नसतो. तेराव्याला सगळे गोड जेवले आणि थोरल्या जाऊबाईंनी दिवा उचलला.

"आता पुन्हा लावू नकोस हो," त्या म्हणाल्या. "गेलेल्याचा पाय मागे ओढला जातो."

त्याच रात्री पिंजऱ्यात एकदम फडफडाट झाला. चारही पक्षी गजांवर आपटत होते. अंबूताई धावत येईपर्यंत सगळे तळाशी धापा टाकत बसले होते. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री हिरव्याचा पंख फाटला.

बगळेवैद्यांनी पंखाला हळद लावली. "आणखी एकदा असा आपटला, तर हा राहायचा नाही," ते म्हणाले.

शेजारी कुजबुजले, बाळोबाच येत असणार. कुजबुज फार झाली की जंगलात समिती नेमतात. अध्यक्ष गवेसाहेब. सदस्य कोल्हा आणि घुबड.

"साहेब, रात्री येऊन बघाल का?" अंबूताईने विचारलं.

"बाई, समितीची वेळ दहा ते पाच आहे."

"पण ते घाबरतात रात्री."

"ती त्यांची गैरसोय आहे," गवेसाहेब म्हणाले.

समिती अकराला आली. कोल्ह्याने पिंजऱ्यातल्या पिवळीला विचारलं, "तुम्ही आत्ता घाबरलेल्या आहात का?"

"नाही."

"लिहा. नाही."

"पण रात्री..."

"विचारलं तेवढंच सांगा."

समितीत रात्रीचं दिसत असे ते एकट्या घुबडाला. ते गाढ झोपलं होतं. हजेरी मात्र त्याचीही लागली.

समिती गेल्यावर अंबूताई पिंजऱ्याजवळ बसली. "पिवळे, मला तरी सांग. काय होतं गं तुम्हाला?"

"काही होत नाही हो," पिवळी म्हणाली. "अंधारात काहीतरी हलतं. पाल असेल, सावली असेल. काय आहे ते कळत नाही, म्हणून एकजण उडतो. तो का उडाला ते कळत नाही, म्हणून बाकीचे उडतात. मग दांडी दिसत नाही आणि गज लागतात."

"मग आधीचे तेरा दिवस कसे गप्प होतात?"

"दिवा होता की."

"तो तुमच्यासाठी नव्हता गं. ह्यांच्यासाठी होता."

"असेल," पिवळी म्हणाली. "पण आम्हालाही दिसत होतं."

अंबूताईने फळीवरून दिवा काढून पुसला. पिंजऱ्यापासून हातभर लांब ठेवला आणि लावला.

जाऊबाई लगेच आल्या. उजेड त्यांना लांबूनही दिसतो. "अगं, त्यांना आता कुठे वाट सापडली असेल! परत बोलावतेस की काय?"

"बोलावत नाही, वहिनी. हिरवा आपटतो."

"पाखरांसाठी दिवा? कुठल्या जंगलात असतं असं?"

"ह्या."

रात्री दारावरून वटवाघूळ गेलं. हिरवा दचकला. त्याने मान वळवली. त्याला दांडी दिसली, पिवळी दिसली, वटवाघूळही दिसलं. "तू होय," असं काहीसं पुटपुटून तो झोपला. पुढे त्याचा पंखही भरून आला.

महिन्याने अहवाल आला. पक्षी घाबरत नाहीत असं सिद्ध झालं होतं. घाबरण्याची सवय घरमालकिणीला असावी, तिने हवापालट करावा, असंही सुचवलं होतं. सोबत एक अर्ज होता, कारण तेराव्यानंतर दिवा लावायचा तर परवानगी लागते.

तात्पर्य: मुलांनो, घाबरलेल्यांची चौकशी नेहमी भर दिवसा करावी. त्या वेळी कोणी घाबरलेलं नसतं आणि अहवाल वेळेवर होतो. दिवा मात्र परवानगीशिवाय लावू नये. अंबूताईने अर्जात नाव लिहिलं, जागा लिहिली, दिव्याचं माप लिहिलं. 'दिवा कोणासाठी' हा रकाना तिने अजून भरलेला नाही.