मोहितेकाकांचं थेंबाशी वैर

मोहितेकाका आमच्याकडे चहा प्यायले की रिकामा कप वर्तमानपत्रावर उपडा घालतात, तीनदा आपटतात आणि खिडकीकडे धरून आत डोकावतात. दोन कप फुटल्यावर आईने त्यांच्यासाठी स्टीलचा एक वेगळा काढला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "थेंब राहिला की खोटं बोलतो गो," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. मी रिपोर्ट टाइप करते, काका प्लेटा धुतात. प्लेट म्हणजे तळहाताएवढं प्लास्टिक, त्यात शहाण्णव खळगे, एकेका खळग्यात एकेका माणसाचा नमुना. धुताना थेंब मागे राहिला तर आजार नसतानाही रंग चढतो आणि रिपोर्ट आजार दाखवतो. म्हणून काका प्लेट उपडी करून टिपकागदावर आपटतात. सवय इतकी हाडीमाशी खिळली की एकदा डॉक्टरांची पाण्याची बाटलीही त्यांनी आपटून ठेवली.

यंदा डॉक्टरांनी यंत्र घ्यायचं काढलं. प्लेट गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणारी दोन यंत्रं घेऊन एक विक्रेता आला. "मोहिते, तुम्ही म्हणाल ते घेऊ. नको म्हणालात तर नको," डॉक्टर म्हणाले. काका दोन्हींना नापास करणार, याबद्दल मला तरी शंका नव्हती. त्यांचं कामच जाणार होतं ना!

काकांनी खळग्यांत चक्क कोकमाचं आगळ भरलं. विक्रेत्याचा चेहरा उतरला.

"काका, हे काय?"

"कोकम. डाग लपत नाय."

पहिलं यंत्र झटपट. पण नंतर प्लेट कागदावर आपटली तेव्हा कोपऱ्यात दोन लाल ठिपके उमटले.

"जवळजवळ सगळं जातं, सर," विक्रेता म्हणाला.

"आणि राहिलेला थेंब कुणाच्या घरचा?"

दुसरं अगदी सावकाश, पण कागद कोरा. काकांनी ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे घ्या."

मी चाटच पडले. जेवताना विचारलं, तर त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगट थरथरत होतं.

"मागे एकदा ह्याच हातून थेंब राहिला. देवरूखची पोरगी, सातवा लागलेला. रक्तात कावीळ म्हणून रिपोर्ट गेला. सासरी तिचं ताट वेगळं, कप वेगळा. फेरतपासणीत काय नाय निघालं. कागद कोण वाचतो गो? मीच एस.टी.नं गेलो. म्हटलं, चहा द्या, हिच्याच कपातून. सगळ्यांसमोर प्यायलो आणि कप उपडा घालून दाखवला."

मी डबा बंद केला.

संध्याकाळी ते आले तेव्हा स्टीलचा कप मी मांडणीवरच राहू दिला. आमच्या रोजच्या कपातून चहा दिला. त्यांनी तो संपवला, उपडा घातला, तीनदा आपटला. कान तुटला.

आईने तुकडा उचलला आणि म्हणाली, "भावोजी, अजून अर्धा घ्या."