पाणी पिऊन माल घेणारे आप्पा

सुरतेतल्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, पुंडलिक आप्पा बमरोलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ग्लासभर पाणी प्यायले. रिकामा ग्लास त्यांनी टेबलावर ठेवला आणि मालकाला विचारलं, "शेठ, बोअरच्या पाण्याला पावडरीचा वास कधीपासून यायला लागला?"

मालक जयंतीभाई टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मी शेजारच्या खुर्चीवर फाइल घेऊन बसलो होतो.

आप्पा पांडेसऱ्यातल्या आमच्या मिलमध्ये खरेदी खात्यात होते. कापड रंगवायची मिल. रंग, रसायनं, पुठ्ठे, दोरा, जे जे बाहेरून येई ते आप्पांच्या सहीने येई. मी त्याच खात्यात टायपिस्ट होतो. गाव त्यांचं शिरपूरकडचं. बायको वारली, मुलीचं लग्न झालं, तेव्हापासून ते उधन्याला एका खोलीत एकटे राहत.

पाणी पिण्याचं खूळ एका फॉर्ममुळे सुरू झालं. आमचं कापड परदेशी जाऊ लागलं, तसा तिकडच्या गिऱ्हाइकाने सात पानांचा इंग्रजी फॉर्म पाठवला. तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता त्यांच्या कारखान्यांची पाहणी करा, असं त्यात लिहिलं होतं. पाचव्या पानावर प्रश्न होता: कामगारांना पिण्याचं पाणी मिळतं का? उत्तरासाठी दोन चौकोन होते, हो आणि नाही. सुरतेतल्या बाकीच्या मिलांनी खुर्चीवरून न उठता "हो"वर खूण केली. आप्पांना वाटलं, प्रश्न खरंच विचारला आहे.

त्यानंतर ते प्रत्येक पुरवठादाराकडे जाऊन पाणी पिऊ लागले. फ्रीजमधलं त्यांना चालत नसे. मालकाच्या टेबलावरचं तर नाहीच. "कामगार पितात ते आणा. आधी पाणी, मग भाव." चहा घ्या, पाण्यात काय बघायचं, म्हणून मालक गयावया करत, "अरे आप्पा, चा लो ने! पाणी शुं जोवानुं?" आप्पा हलत नसत. पाणी तोंडात धरून ते छताकडे बघत, गिळत आणि फॉर्मच्या समासात शेरा लिहीत. शेरे चार होते: गोड, मचूळ, खारट आणि "शेठ पीत नाही". चौथ्यासाठी ते आणखी एक ग्लास मागवून मालकासमोर सरकवत. सचिन गावाकडचे एक रसायनवाले तो ग्लास हातात धरून बराच वेळ देशाच्या परिस्थितीवर बोलत राहिले. पाणी काही प्यायले नाहीत. त्यांचं नाव यादीतून गेलं.

व्यापाऱ्यांत त्यांचं नाव पडलं पाणीवाले साहेब. खिशात ओव्याची पुडी कायम असे, कारण पोट महिन्यातून दोनदा बिघडायचं. मुलीचं स्थळ बघायला ते नवापूरला गेले, तेव्हा व्याह्यांनी सरबत पुढे केलं. आप्पांनी मोरीतल्या रांजणाचं पाणी मागितलं, छताकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर "मचूळ" म्हणाले. लग्न झालं, पण व्याही पुढे त्यांच्या घरी आले की स्वतःचा तांब्या घेऊन येत.

मी एकदा म्हणालो, "आप्पा, हा फॉर्म तिकडे कोणी वाचत नाही."

"तू टाइप करतोस ना? मग एकाने तरी वाचला."

बमरोलीचा कारखाना त्यांच्या विशेष मर्जीतला होता. तिथलं पाणी दर खेपेला गोड निघे. शिवाय कामगार बहुतेक खानदेशातले, दोन-तीन कुटुंबं तर त्यांच्याच तालुक्यातली. इतर मालकांना ते त्याचं उदाहरण देत. "जयंतीभाईंना जमतं, तुम्हाला का नाही?"

प्लेगनंतर म्युनिसिपालटी नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, त्या उन्हाळ्यात तर फारच सढळ हाताने. तो वास साऱ्या शहराच्या ओळखीचा झाला होता. बोअरच्या पाण्याला तो येण्याचं कारण नव्हतं. म्हणून त्या मंगळवारी आप्पा उठले आणि शेडच्या मागे गेले; मीही फाइल घेऊन मागोमाग गेलो. तिथे कामगारांच्या खोल्या होत्या आणि बोअरवरचा एक हातपंप होता. त्यांनी दोनदा दांडा मारला. पाणी लालसर आलं. पलीकडे रंगाचं सांडपाणी उघड्या चरातून वाहत होतं.

आप्पा फॉर्म मागायला माझ्याकडे वळले, तेवढ्यात कारखान्यात रंगाच्या पुड्या भरणाऱ्या लीलाबाई पदराला हात पुसत आल्या.

"आप्पा, शेठले काय बोलू नका. ते पानी आमीच आनतस."

"कोठून?"

"उधनाना नळवरथून. तुमी येनार शे कळनं का एक जनी जास."

उधन्याचा नळ तिथून जाऊन-येऊन तासाभराच्या वाटेवर होता.

"काबर?" आप्पांनी विचारलं.

"तुमी लाल पानी पिसात तं ऑर्डर जाई. ऑर्डर गई तं आमी काय खासूत?"

"आनि पोरंसोरं काय पितस?"

"लालच पितस. मंग?" लीलाबाई हसल्या. "तुमनं पोट नाजूक शे, आमनं नई."

आप्पांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. परतताना रिक्षात ते म्हणाले, "सचिनवाला बरा होता रे. त्याच्याकडे फसवणारा निदान मालक होता."

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरसाहेबांकडे गेले. मी टायपिंगचे कागद घेऊन दारात उभा होतो. आप्पांचं म्हणणं असं: जयंतीभाईंकडून तीन वर्षं माल घेण्याचं आपण लेखी द्यावं, म्हणजे ते सांडपाण्यासाठी पक्की टाकी बांधतील. त्यांना विचारलं आहे, ते तयार आहेत. तोवर तिथे रोज पाण्याचा टँकर पाठवावा.

साहेबांनी विचारलं, "फॉर्ममध्ये टाकीचा रकाना आहे?"

"नाही."

"टँकरचा?"

"नाही."

"मग पाणी मिळतं का नाही, एवढंच लिहा. नाही म्हणालात तर पुरवठादार बदलू. रंग काय, वापीहूनही येतो."

"आणि तिथली माणसं?"

"आप्पा, माणसं त्यांची आहेत. आपला फक्त रंग आहे."

आप्पा जागेवर येऊन बसले. फॉर्म दुपारच्या चहापर्यंत त्यांच्यासमोर होता. मग त्यांनी तो माझ्याकडे दिला. पाचव्या पानावर "हो"च्या चौकोनात खूण होती. समास पहिल्यांदाच कोरा होता.

"शेरा?" मी विचारलं.

"टाइप कर."

त्यानंतर ते कुठेच पाणी प्यायले नाहीत. व्यापारी चहा मागवत, ते चहा पीत. सचिनच्या रसायनवाल्यांचं नाव पुन्हा यादीत आलं, त्यावरही त्यांचीच सही होती. पाणीवाले साहेब सुधारले, असं बाजारात बोललं गेलं. ऑफिसात आम्हीही त्यांची थट्टा केली. ते ऐकून घेत.

पावसाळ्याआधी जयंतीभाईंकडचे काही नमुने आणायला मला बमरोलीला पाठवलं. रविवार होता, कारखाना बंद. नमुने चौकीदाराकडे होते. ते घेऊन निघालो, तेव्हा शेडच्या मागे आप्पांची सायकल दिसली. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे कॅन बांधलेले होते आणि आप्पा एका कॅनची दोरी सोडत होते. सदरा पाठीला चिकटला होता.

चौकीदार म्हणाला, "दर रविवारे आवे छे. बे फेरा."

लीलाबाईंनी खाट टाकली. आप्पा बसले. आप्पांनी आणलेल्याच पाण्याचा एक ग्लास भरून लीलाबाईंनी त्यांच्या हातात दिला. आप्पांनी दोन घोट घेतले.

"कसं शे, आप्पा?" एका म्हाताऱ्याने विचारलं. दोघं-तिघं हसले.

"गोड शे," आप्पा म्हणाले.

मग ते रिकामे कॅन बांधून घरी निघाले; त्या दिवशीची ती दुसरी फेरी होती. मला त्यांनी पाहिलं नाही. बायकांनी आपापली भांडी आणली. लीलाबाईंनी आधी तान्ह्या मुलांच्या घरी दोन-दोन तांबे दिले, मग बाकीच्यांना एक-एक. नऊ घरांना पुरलं. उरलेल्या दोघी घागरी घेऊन हातपंपाकडे गेल्या.