बिनकांद्याच्या मसाल्याचं संशोधन

हिंदुराव दिवाणखान्यात भाषणाला उभे राहिले, तेव्हा विजयमालाबाईंनी आत गॅस पेटवून कढई चढवली. बोलायला लागलेला नवरा मध्येच थांबून गॅस बंद करायला येत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

बाईंचा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला जयपुरात मराठी फौजी कुटुंबंच घेत. त्यांच्या बदल्या होत गेल्या, तशी गिऱ्हाइकं आटली. बनी पार्कातले शेजारी बहुतेक जैन, कांदा-लसूण वर्ज्य. त्यांना चालेल असा मसाला निघाला नाही, तर धंदा बंदच होणार होता. पण दोन-तीन घाणे फसताच, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या हिंदुरावांनी हुकूम सोडला होता, "प्रयोग बास! आहे तोच मसाला विक."

बाहेर मात्र ते पेन्शनर मित्रांना बजावत होते, "जो देश रिसर्च पर खर्चा नहीं करता, वो आगे नहीं बढ़ता! प्रयोग फेल हुआ, तो भी..."

इथे त्यांना ठसका लागला. मग शेजारच्या भंडारीजींना. मग सगळ्यांनाच. भाजक्या मिरचीचा धूर दिवाणखान्यात भरला आणि श्रोते डोळे पुसत गच्चीवर पळाले.

"विजू, माणसं मारतेस काय!"

"तुमचंच ऐकत होते. म्हटलं, देशाला चालतं तर आपल्या घराला का नको?"

हिंदुरावांनी खोकत खिडक्या उघडल्या.

पाहुण्यांची समजूत काढायला बाई बाजरीच्या भाकऱ्या आणि तेलात कालवलेला ताजा मसाला घेऊन वर गेल्या. भंडारीजींनी हात आखडला.

"भाभीजी, प्याज-लहसुन?"

"कुछ नहीं, भैया. हिंग, तीळ, खोबरं आणि तुमच्या मथानियाची मिरची."

भंडारीजींनी एक घास घेतला. मग दुसरी भाकरी मागितली. बाकीचे पेन्शनरही भाषण विसरून ताटाभोवती जमले.

"एक डिब्बा दे दीजिए."

"अभी नहीं. यातलं खोबरं लवकर खवट होतं. टिकायला लागल्याशिवाय मी विकणार नाही."

समोर गिऱ्हाईक उभं असताना 'नाही' म्हणणाऱ्या बायकोकडे हिंदुराव बघत राहिले. खरं भाषण हिनंच करायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

"अजून किती घाणे फसतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते आधी कळलं असतं, तर प्रयोग कशाला म्हटलं असतं?"

"बरं, फसू देत. खर्चाचं मी बघतो. फक्त आदल्या दिवशी सांगत जा. भाषण लांब, सी-स्कीमच्या बागेत ठेवीन."